एका टाकीतल्या दोन वामा

२ फेब्रुवारी

नणंदबाई,

हे पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी चष्मा लावून अक्षर कुणाचं आहे ते बघ. तुझ्या दादांचं नाही. हे माझं, वहिनीचं आहे, म्हणून ओळी अशा उतरणीला लागल्या आहेत. फोन तू उचलत नाहीस. चुकून उचललास तर "कोण बोलतंय?" असं विचारतेस, जसं काही मी तुला विमा विकायला बसले आहे. तेव्हा म्हटलं, कागदच बरा. कागदाला "नंतर बोलू" म्हणून गप्प करता येत नाही.

इकडे सगळं बरं आहे. ह्यांच्या डोळ्यांचं थोडं कमी-जास्त चालू आहे, वय झालं की व्हायचंच. माझे गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं कुणी ऐकून घेत नाही.

आणि त्या दोघी वामा जिवंत आहेत. हे वाचल्यावर तू पत्र खाली ठेवणार नाहीस, एवढं मी तुला ओळखते.

परवा मागच्या व्हरांड्यात टाकीपाशी बसले होते, तेव्हा मला तुमच्या घरातला माझा पहिला दिवस आठवला. लग्न करून मी पाणीपुरवठ्याच्या त्या क्वार्टरमध्ये आले आणि न्हाणीघरातल्या बादलीत काय वळवळतंय ते बघायला वाकले. साप म्हणून ओरडत जी स्टुलावर चढले, ती काही केल्या उतरेना. तू दारात पोट धरून हसत होतीस. "वहिनी, वाम आहे ती, वाम. सापाला कधी सोंड बघितलीस?" मग ती माझ्या तोंडासमोर धरलीस. खरंच, नाकाच्या टोकाला इवलीशी सोंड, आणि ती हलवून हलवून मला हुंगत होती. पाठीवरून हात फिरव म्हणालीस. शेपटीकडे फिरवला तर रेशीम. उलटा फिरवला तर मिटलेले सगळे काटे उभे राहिले आणि बोटातून रक्त. "आता तू घरातली झालीस," असं म्हणालीस. सासूबाईंनीसुद्धा मला इतक्या झटपट घरात घेतलं नव्हतं.

नदीचं पाणी पंपात शिरायच्या आधी ज्या लोखंडी जाळीतून जातं, ती साफ ठेवायचं काम ह्यांच्याकडे होतं. पानं, चिंध्या, पिशव्या, आणि त्यांत गुरफटलेल्या वामा. दुसरा कुणी असता तर सगळं एकत्र टोपलीत ओतून मोकळा झाला असता. हे एकेकीला सोडवत, ओल्या फडक्यात धरत, आणि तू शेजारच्या प्रयोगशाळेतून पाण्याच्या बाटल्या तशाच सोडून धावत यायचीस. मग दोघांची खलबतं. ही जाळीदार नक्षीची, हातभर लांब. ही शेपटीकडे मोरपिसासारखे डोळे असलेली. ही पिवळट ठिपक्यांची, पंजाएवढी. मला तेव्हा सगळ्या सारख्याच दिसायच्या. पुढे तुमच्या दोघांच्या तोंडून ऐकून ऐकून आणि ह्यांची पुस्तकं चाळून चाळून मलाही नजर आली. स्वयंपाकघरात बसून शिकलेलं विसरत नाही माणूस.

आणि मग आपल्या ह्या दोन तऱ्हा, ज्या कुठल्याच पुस्तकात सापडल्या नाहीत. एक काळपट, मनगटाएवढी जाड. दुसरी अंगठ्याएवढी, पाठीवरून फिकट पट्टा गेलेली. नदीला नवं पाणी आलं की ह्या जाळीवर यायच्या, आणि आल्या की एकत्रच यायच्या. म्हणून तुझ्या दादांनी ठरवून टाकलं, काळी ती नवरी आणि पट्ट्याचा तो नवरा.

ह्या वर्षीही टाकीतल्या जोडीसाठी ह्यांनी सगळं यथासांग केलं. थोडं थोडं गार पाणी वरून चाळणीतून सोडलं, म्हणजे नदीला नवं पाणी आलं असं वाटावं. जलपर्णीच्या मुळ्या धुऊन सोडल्या, म्हणजे अंडी चिकटायला जागा. मग रोज सकाळी त्या मुळ्या उचलून चाचपायच्या. काही नाही. दरसाल काही नाही. मी म्हटलं, "अहो, ह्यांचं जमत नसेल तर सोडा ना नाद." तर म्हणाले, "आपल्याला मूल झालं नाही म्हणून आपण एकमेकांना सोडलं का?"

मागच्या आठवड्यात विद्यापीठातून एक मुलगी आली होती. गळ्यात भिंग, खांद्याला पिशवी, बुटांना चिखल. मी तिला भिंगवाली म्हणते. ती फक्त काटेरी वामांचाच अभ्यास करते. मला वाटायचं, आपल्या जाळीवर आल्या तेवढ्याच जगात. ती म्हणाली, "आजी, शंभराच्या घरात जाती आहेत, आणि अजून सापडताहेत." एका कुठल्याशा मोठ्या तळ्यात म्हणे पंधराएक जाती अशा, की त्या तळ्याबाहेर पृथ्वीवर कुठेच नाहीत. एका नदीच्या खळाळात, दगडांच्या फटींत, मेणबत्तीसारखी पांढरी आणि आंधळी वाम आहे. हे असे ऐकत होते, जसं कुणीतरी हरवलेल्या नातेवाइकांचा पत्ता सांगतंय. मग विचारलं, "आणि आमची जोडी? ती कितवी?" भिंगवाली पुष्कळ वेळ टाकीपाशी बसली. दोघींच्या शेपटीचा तिळाएवढा तुकडा कापून बाटलीत घेतला, तपासून सांगते म्हणाली. मुलगी गोड आहे, पण जाताना तिचा चेहरा मला आवडला नाही.

एक ओळ लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल, तुझं अक्षर तरी दिसेल.

तुझी वहिनी

२४ फेब्रुवारी

नणंदबाई,

तुझं उत्तर आलं नाही, पण आता वाट बघत बसायला मला सवड नाही.

भिंगवाली काल येऊन गेली. खुर्ची दिली तरी बसेना. म्हणाली, "आजोबा, दोन्ही नव्या आहेत. आजवर कुणीच लिहून ठेवलेल्या नाहीत." ह्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना, कारण 'दोन्ही' हा शब्द त्यांच्या अजून कानातच होता, आत उतरला नव्हता. मग उतरला. "दोन्ही म्हणजे?" "म्हणजे ही जोडी नाही, आजोबा. ह्या दोन वेगळ्या जाती आहेत. ह्यांची अंडी कधीच होणार नव्हती."

आधी हे हसले. मग चिडले. "तुमचं यंत्र चुकलंय. मी ह्यांना तुझ्या जन्माआधीपासून बघतोय." ती बिचारी हळूच म्हणाली, "पट्ट्याच्या वामेच्या गालाच्या हाडावर एक काटा आहे बघा. काळीला नाही."

इथे मला तुला एक सांगितलं पाहिजे. मागच्या पत्रात डोळ्यांचं थोडं कमी-जास्त लिहिलं होतं, ते थोडं नाही. ह्यांना आता उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं. दोन ऑपरेशनं झाली. तुला कळवलं नाही, कारण हेच म्हणाले कळवू नकोस.

तर हे उठले, बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात वाळूत घातला. वामा दिवसा वाळूत पुरून घेतात, फक्त सोंड बाहेर, हे मी तुला काय सांगणार. पट्ट्याची आधी हाताला लागली. तिला तळव्यात घेऊन अंगठा गालावरून नेला. थांबले. पुन्हा नेला. मग तिला सोडून काळीला शोधलं, तिच्या गालावरून अंगठा फिरवला, डावीकडून, उजवीकडून, जसं लहान पोराच्या तोंडात दात आला का बघतात तसा. मग हात तसाच पाण्यात ठेवून उभे राहिले. म्हणाले, "तिने सांगितलं होतं."

तिने म्हणजे तू.

मी त्या दिवसाबद्दल कधी तोंड उघडलं नाही, आणि तूही नाही. पण आता उघडायलाच हवं. वाळू उपसायच्या बोटी तेव्हा नुकत्या नदीत उतरल्या होत्या. जाळीवर वामा येईनाशा झाल्या होत्या. आणि एका सकाळी, नवं पाणी आलं तेव्हा, ह्या दोन्ही तऱ्हेच्या एकदम बादलीभर आल्या. मी तुमचा डबा घेऊन आले होते, दारातच उभी होते. हे म्हणाले, "काळी एक ठेवायची, पट्ट्याचा एक ठेवायचा. नदीला लुबाडायचं नाही, एक जोडी पुरे." तू म्हणालीस, "दादा, ही दोन बिऱ्हाडं आहेत, एक नव्हे. गालाला हात लावून बघ. सगळ्या ठेव." तर हे म्हणाले, "तू पाण्यातलं क्लोरीन मोज. मासे मला शिकवू नकोस." आणि बादली तुझ्या हातात देऊन सांगितलं, जा, पुलाच्या खालच्या अंगाला सोडून ये.

तू बादली घेऊन गेलीस. तिसऱ्या प्रहरी हे पुलावर गेले, तर तिथला रखवालदार म्हणाला, सकाळपासून इकडे चिटपाखरू फिरकलं नाही. ह्यांनी सगळ्या पंपहाऊससमोर तुला चोर म्हटलं. मला वाटलं, आता तू आकाशपाताळ एक करशील. तू नुसती म्हणालीस, "समज तसं." आणि बदली मागून घेतलीस.

हे इतकी वर्षं धरून बसले आहेत की तू त्या नेल्यास. आणि तू कधी हो म्हणाली नाहीस की नाही म्हणाली नाहीस.

आता नीट ऐक. भिंगवालीने आमच्याकडे यायच्या आधी नदीचं वरचं अंग आणि खालचं अंग, दोन्ही जाळं टाकून पिंजून काढली. म्हणूनच ती आमच्या दारात आली. नदीत आता वाळू नाही. तळाला नुसती माती आणि उघडे दगड. जाळीवर जो नवा माणूस आहे, त्याने वाम बघितलेलीसुद्धा नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, "काय, बाम? ती दुखण्यावर चोळतात ती बाटली?"

तेव्हा त्या बादलीतल्या जर तुझ्याकडे कुठे हौदात, टाकीत, पिंपात असतील, तर दोन्ही बिऱ्हाडं वाचतील. नसतील, तर आमच्या टाकीत ह्या एकेकट्या आहेत आणि त्यांच्यामागे कुणी नाही.

तू आयुष्यात तुझ्या दादांचं एक ऐकलं नाहीस. शाळेत घातलं तिथे गेली नाहीस, सांगितलेल्या मुलाशी लग्न केलं नाहीस, केस कापू नकोस म्हटलं तर न्हाव्याकडे जाऊन बसलीस. मी कितीदा तुला रागावले. आज मी हात जोडून बसले आहे, की त्या दिवशीही तू त्यांचं ऐकलं नसशील.

वहिनी

१४ मार्च

नणंदबाई,

मी लिहिताना पुटपुटते, हे मला माझ्या वयाच्या ह्या टप्प्यावर कळलं. दोन्ही पत्रं मी ह्यांच्यापासून लपवून लिहिली, असं मला वाटत होतं. काल हे म्हणाले, "तिला अजून एक लिही. आणि त्यात घाल, की झाकण घट्ट लाव म्हणावं. वाम करंगळीएवढ्या फटीतून निघून जाते."

म्हणजे सगळं ऐकलं होतं.

मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. पण झालं भलतंच. हे हसायला लागले. "नेल्याच असणार तिने. लहानपणी माझे गळ चोरायची, आणि तोंड बघावं तर जगातलं पाप म्हणून माहीत नाही. मी मारायला धावलो की आईच्या मागे. चोरटी आहे ती, पहिल्यापासून." आणि हे असं म्हणाले, जसं शेजारच्या बाई आपली लेक डॉक्टर आहे म्हणतात.

तेव्हापासून माणूस बदलला आहे. इतकी वर्षं ह्या घरात तुझं नाव घ्यायची चोरी होती. आता गवळी आला तरी सांगतात, "आमच्या बहिणीकडे आहेत. ती नीट ठेवते, बारीक नजर आहे तिची." गवळ्याला वाटतं, सोनंनाणं.

दुसरी टाकी तयार केली. मी म्हटलं, आधी उत्तर तर येऊ द्या. ऐकतील तर ना. त्यात घालायला वाळू कुठून आणायची, हा प्रश्न आला. फिल्टरची वाळू टोकदार, ती वामांचं अंग सोलून काढते, तिथून मग बुरशी धरते. नदीची हवी, मऊ, पिठासारखी. आणि नदीत ती नाही. तेव्हा जुन्या टाकीतलीच निम्मी काढली. हे जमिनीवर बसून परातीत ती धूत होते, मूठ मूठ उचलून बोटांत चोळून बघत होते, एखादा खडा टोकदार लागला की बाजूला. दोन दिवस ते चाललं होतं. म्हणाले, "वाटणी झाली. आता काळीचं घर वेगळं, पट्टेवालीचं वेगळं. तिने सांगितलं होतं तसं." पण काळीला उचलून नव्या टाकीत ठेवलं, तर ती झाकणाला धडका मारायला लागली. परत जुन्या टाकीत सोडली. ती वाळूत शिरली आणि पट्टेवालीच्या शेजारीच सोंड वर काढली. इतकी वर्षं एकत्र राहिल्या आहेत, त्यांना काय सांगणार, की तुमचं नातं नाही.

हे रोज मला विचारतात, पोस्टमन आला का. त्याची सायकल लांबून वाजते, तर मी सांगायच्या आधी ह्यांनाच कळतं. दार उघडून उभे राहतात. तो पुढे गेला की म्हणतात, "लांबचं आहे ना, वेळ लागतोच."

मला भीती वाटते आहे. तुझ्याशी आडपडदा काय ठेवायचा. तुझ्या मौनाचा अर्थ हे 'आहेत' असा लावतात. "नसत्या तर तिने चार ओळींत मला झोडपलं असतं. आहेत म्हणूनच गप्प आहे, काय भावात द्यायच्या ते ठरवत असेल." मी 'हं' म्हणते. रात्रीचं जेवण पोटभर जातं, एवढ्यासाठी तरी 'हं' म्हणते.

पण तू खोटं लिहू नकोस. माझ्या दयेपोटी नको, त्यांच्याही नको. नसतील तर नसतील असं लिही. खोट्या आशेवर हा माणूस तिसरी टाकी बांधायला घेईल, आणि परातीत वाळू धुणारे ते हात मला पुन्हा बघवणार नाहीत.

असतील, तर तुला यायला नको. वामा कुठे ठेवल्यास ते कळव, भिंगवाली गाडी घेऊन येईल. तिची तयारी आहे.

वहिनी

३० मार्च

नणंदबाई,

तुझं पाकीट मिळालं. पोस्टमनने ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी ते दोन्ही बाजूंनी चाचपलं, नाकाला लावलं आणि मला म्हणाले, "वाच. गाळू नकोस काही."

मी गाळलं नाही. तू इतकं थोडं लिहिलं आहेस, की गाळायला जागाच नव्हती. "सगळ्या सोडल्या. दादाने सांगितलं तिथेच, पुलाच्या खालच्या अंगाला. रखवालदार डोक्यावर टॉवेल घेऊन झोपला होता, त्याला उठवून साक्षीदार करावं हे सुचलं नाही. एकही ठेवली नाही. मी येणार नाही."

हे म्हणाले, "परत वाच."

परत वाचलं.

"सगळ्या?"

"हो, सगळ्या असं लिहिलंय."

"तिने ऐकलं माझं?"

"ऐकलं."

मला वाटलं, तुला काहीतरी बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. पण हे म्हणाले, "खाली मीच सांगितलं होतं."

मी म्हटलं, असू दे हो, नदी ती नदी, वर काय आणि खाली काय. मला समजलंच नव्हतं. मग ह्यांनी मला समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, जसे नव्या माणसाला पंपाचं काम समजावत तसे. पुलाच्या वर सोडल्या असत्या, तर त्या प्रवाहाबरोबर परत आपल्याच जाळीवर येऊन अडकल्या असत्या. एकदा सोडवलेला जीव पुन्हा त्या लोखंडात नको, म्हणून जाळीच्या खाली, पुलाच्या खाली सोड, असं सांगितलं. आणि वाळूच्या बोटी कुठे लागल्या होत्या? पुलाच्या खाली. आठच दिवसांत त्यांनी तो पट्टा तळापासून ओढून घेतला. वाळूत पुरून बसलेल्या वामांसकट.

"वर सोडल्या असत्या," हे म्हणाले, "तर जाळीवर आल्या असत्या. जाळीवर आल्या असत्या, म्हणजे परत माझ्या हातात आल्या असत्या."

एवढं बोलून आत जाऊन पडले.

त्यानंतरचे दिवस कसे गेले, ते मी तुला लिहिणार नव्हते. पण मघापासून तेच लिहायला बसले आहे. हे टाकीपाशी गेले नाहीत. जेवायला बसवलं तर बसत, घास हातात धरून विसरत. मी रेडिओ लावला, तर म्हणाले, बंद कर, कान भरून गेलेत. भिंगवाली आली, तिला मी दारातच सगळं सांगितलं. ती पायरीवर बसून रडली. मी तिला पाणी दिलं. आपलीच पोर असल्यासारखं वाटलं. मग डोळे पुसून आत गेली आणि ह्यांना म्हणाली, "आजोबा, निदान दोघींना नावं तर द्यायची आहेत. ती तुम्ही सुचवा." हे भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "जाणाऱ्याला हाक मारून काय करायचं?" जाताना म्हणाली, त्या मेल्या की तिला कळवायचं, तिला बरणीत ठेवाव्या लागतील. तिचंही खरं आहे. तेवढाच पुरावा राहील, की अशा दोन होत्या.

मी तुझ्यावर रागावले आहे का, असं तुला वाटत असेल. नाही. खरी रागावले होते ती एकदाच, तू न्हाव्याकडे गेलीस तेव्हा. तुला इतकी वर्षं चोर म्हणून वागवलं, आणि तू ते अंगावर घेऊन बसलीस, "नाही" एवढा एक शब्द काढला नाहीस. का काढला नाहीस, ते मला थोडं कळतं. विचारायलाच हवं होतं का भावाने, असं तुला वाटलं असणार. त्या घरात तुम्ही दोघंही एकाच मातीचे. सासूबाई म्हणायच्या, ह्या दोघांना वळवायचं तर आधी मोडावं लागेल.

तुझं "मी येणार नाही" मी वाचलं, दोन्ही वेळा वाचलं, आणि ते तसंच ठेवते. तुला तो हक्क आहे. मी 'ये' लिहिणार नाही.

पण काल संध्याकाळी हे आपण होऊन म्हणाले, "तिला एक ओळ लिही. माझ्याकडून."

मी वही-पेन घेऊन बसले. हे पुष्कळ वेळ नुसते मांडीवर बोट फिरवत होते. मी म्हटलं, "माफ कर, असं लिहू का?" तर खेकसले, "मी सांगतोय ना." मग म्हणाले:

"म्हणावं, तू चोर असतीस तर बरं झालं असतं."

मी लिहून घेतलं. विचारलं, एवढंच? म्हणाले, एवढंच, आणि खाली 'दादा' घाल. तेव्हा ती ओळ अशी वर आहे आणि ही खाली मी घालते: दादा. याहून सरळ त्यांना येत नाही, तुला माहीतच आहे. तू याला काय म्हणायचं ते तू म्हण. काहीच म्हटलं नाहीस तरी मी समजून घेईन, फक्त फोन उचललास तर "कोण?" विचारू नकोस.

आज दिवेलागणीला हे उठले. मला वाटलं, तोंड धुवायला. तर चाचपडत मागच्या अंगणात गेले, ओल्या पोत्याखाली हात घालून गांडुळं काढली, धुतली, आणि टाकीपाशी जाऊन बसले. काळी आधी आली, मग पट्टेवाली. ह्यांच्या बोटांतून एकेक ओढून घेत होत्या. मी दारात उभी राहून बघत होते. म्हटलं, "अहो, आता एवढं कशासाठी करायचं?"

हे वळले नाहीत. म्हणाले, "त्यांना कुठे ठाऊक आहे."

तुझी वहिनी